बाळाला पाजताना पाठ आणि मान कशी सांभाळायची

तान्ह्या बाळाला दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा पाजावं लागतं. दर वेळी अर्धा तास धरला, तर रोज 4 ते 6 तास बाळंतीण एकाच जागी बसलेली असते. ते सगळे तास ती वाकून बसली, तर डिंकाचे लाडू आणि शेकशेगडी किती पुरणार?

माझ्या पहिल्या वेळी सगळे म्हणाले, सिझरच्या वेळी पाठीत इंजेक्शन दिलं म्हणून दुखतंय. मीही तेच धरून बसले. दुसरं बाळंतपण साधं झालं, सुई टोचलीच नव्हती, तरी दहाव्या दिवशी मान आणि खांदे तसेच भरून आले. तेव्हा कुठे मी माझं बसणं पाहिलं.

बसा भिंतीला टेकून, कमरेच्या पोकळीत गुंडाळलेला टॉवेल. खुर्चीत बसलात तर पायांखाली पाट. मांडीवर उशा, बाळ छातीच्या उंचीला येईल इतक्या.

आता खरी अडचण. "थोडं वाकून तोंडात दे" हा सल्ला मला चार जणींनी दिला. तो ऐकू नका. आईने बाळाकडे जायचं नाही, बाळाला आपल्याकडे आणायचं. आधी पाठ टेकवा, खांदे सोडा, मगच बाळ घ्या. त्याचं पोट तुमच्या पोटाला लागलं पाहिजे. नुसती मान वळवून त्याला नीट गिळता येत नाही. हात डोक्यामागे नको, मानेखाली, खांद्यांमागे ठेवा. नाक स्तनाग्रासमोर आणा आणि थांबा. बाळ जांभई दिल्यासारखं तोंड उघडेपर्यंत थांबायचं, हेच मला जमत नव्हतं. ते रडायला लागलं की मी घाईने पुढे झुकायची, आणि मग अर्धा तास तशीच. तोंड उघडलं की झटकन जवळ घ्या, हनुवटी आधी टेकू द्या. टोचत राहिलं तर सहन करू नका. तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी घालून सोडवा आणि पुन्हा लावा. तिसऱ्या-चौथ्यांदा लावावं लागलं तरी चालेल.

बाळाने धरलं की भार उशीवर सोडा, हातावर नाही. मनगट दुमडून तोलत राहिलात तर अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. उचलतानाही काखेत अंगठे ताणून उचलू नका. एक तळवा ढुंगणाखाली, दुसरा पाठीखाली. ती कळ आठवडाभरात कमी झाली नाही तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. पाय बधीर होणं, लघवीवर ताबा न राहणं, एकच पोटरी सुजून दुखणं किंवा ताप, यातलं काही असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि बाळाकडे टक लावून बघत बसू नका. मलाही मोह आवरत नसे. दोन मिनिटं बघा, मग डोकं भिंतीला टेका. ढेकर काढायला बाळ घरातल्या दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर द्या.