मागे कधी फिरायचं, हे उड्डाणाआधी ठरवा

चांगला पायलट ऐन वेळी झटकन अचूक निर्णय घेतो, असा समज आहे. प्रत्यक्षात हवेत डोकं जमिनीवरच्यापेक्षा मंद चालतं. इंजिनाचा आवाज, रेडिओवरचं बोलणं, घड्याळ, शेजारी बसलेली व्यक्ती, सगळं एकदम अंगावर येत असतं. ज्यांचे निर्णय चांगले दिसतात त्यांनी ते बहुधा आदल्या संध्याकाळी टेबलाशी बसून घेतलेले असतात. हवेत त्यांना फक्त ठरवलेला आकडा आलाय, एवढं ओळखायचं असतं. पुढचं सगळं छोट्या, एका इंजिनाच्या विमानातून व्हीएफआरने, म्हणजे बाहेर बघून उडणाऱ्यांसाठी आहे.

स्वतःचे मिनिमम्स कागदावर

मिनिमम्स म्हणजे ज्याहून वाईट हवेत उडायचंच नाही, असे आकडे. ते ठरवायला लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, उघडा. गेल्या बारा महिन्यांत कुठल्या हवेत तुम्ही निवांतपणे उडलात आणि उतरलात ते शोधा. जेमतेम निभावलेला दिवस यात धरायचा नाही. कमी तासांच्या पायलटला सुरुवातीला साधारण असे आकडे चालतात: दिवसा व्हिजिबिलिटी ८ किलोमीटर, ढगांचा तळ जमिनीपासून २,००० फूट, क्रॉसविंड, म्हणजे धावपट्टीला आडवा येणारा वारा, १० नॉट (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल). रात्री पहिले दोन आकडे दीडपट करा. कायद्याने याहून वाईट हवेतही उडता येतं, पण कायदा तुमचे तास विचारत नाही.

क्रॉसविंडबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे. अनेक ट्रेनर विमानांच्या हँडबुकात १५ नॉटच्या आसपासचा आकडा असतो. विमानाच्या चाचण्यांत टेस्ट पायलटने तेवढ्या वाऱ्यात उतरून दाखवलं, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या हाताबद्दल तो काहीच सांगत नाही. हिशेब तोंडी करता आला पाहिजे: वारा धावपट्टीशी ३० अंशांवर असेल तर त्याचा अर्धा भाग आडवा, ४५ अंशांवर सात-दशांश, ६० अंशांवर जवळजवळ नऊ-दशांश. सरासरी वाऱ्यापेक्षा झोताचा आकडा धरा. २० नॉटचे झोत ४५ अंशांवरून येत असतील तर क्रॉसविंड १४ नॉट, म्हणजे १० च्या मर्यादेत आजचं उड्डाण नाही.

हा कागद त्या दिवशी कडक करता येतो, सैल करता येत नाही. विमानतळ अनोळखी आहे, विमान नवीन आहे, महिनाभर हात लागलेला नाही, यांतलं काही असेल तर आकडे कडक करा: व्हिजिबिलिटी आणि ढगांचा तळ वाढवा, क्रॉसविंड कमी करा. सैल करायचे असतील तर दुसऱ्या दिवशी, इन्स्ट्रक्टर शेजारी असताना, एका वेळी एकच.

आधी स्वतःला तपासा

आजारपण, औषध, ताण, दारू, थकवा, मनःस्थिती: ही यादी प्रत्येक पायलटला शिकवतात आणि बहुतेक जण ती वाचल्यासारखी करून पुढे जातात. थकवा जोखायला "मला कसं वाटतंय" हा प्रश्न कुचकामी आहे, कारण थकलेला माणूस स्वतःचा थकवा बहुधा कमीच मोजतो. तास मोजा. काल किती झोपलात आणि उतरायच्या वेळी जागे होऊन किती तास झालेले असतील? सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाच्या हालचाली रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारख्या सुस्तावतात. संध्याकाळच्या परतीच्या फेरीत हा हिशेब अनेकदा चुकतो, कारण सकाळी निघताना तो बरोबर होता.

गुंगी आणणाऱ्या सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्यांसाठी एफएए या अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेचा दंडक सोपा आहे: दोन डोसांत जेवढं अंतर सांगितलंय त्याच्या पाचपट थांबा. दर सहा तासांची गोळी असेल तर शेवटच्या गोळीनंतर ३० तास. आणि ज्या आजारासाठी ती घेतली तो गेलाय का, हा प्रश्न वेगळा उरतोच. चोंदलेल्या नाकाने खाली उतरताना कान असे दुखतात की दुसरं काही सुचत नाही.

धावपट्टी आणि पेट्रोल

हँडबुकातलं टेकऑफचं अंतर नव्या विमानाने, कसलेल्या हाताने काढलेलं असतं. त्या दिवसाची उंची, तापमान आणि वजन धरून तक्त्यातून ५० फूट उंचीपर्यंतचं अंतर ४५० मीटर आलं असं समजा. कोरड्या गवताची धावपट्टी असेल तर २० टक्के वाढवा: ५४०. त्यावर १.३३ चा सुरक्षा गुणक: सुमारे ७२० मीटर. धावपट्टी ७०० मीटरची असेल तर "वीस मीटरने काय होतंय" म्हणू नका. एक माणूस किंवा थोडं पेट्रोल कमी करा. वजन १० टक्के वाढलं की अंतर सुमारे २० टक्के वाढतं, त्यामुळे वजन उतरवण्याचा फायदाही दुपटीने मिळतो.

टेकऑफ सोडून देण्याची जागाही आधीच ठरवा. अर्ध्या धावपट्टीपर्यंत उचलायच्या वेगाच्या ७० टक्के वेग आला पाहिजे. ५५ नॉटला उचलायचं असेल तर अर्ध्यावर ३८-३९ नॉट. नाही आला तर थ्रॉटल मागे, ब्रेक, विषय संपला. ०.७ चा वर्ग जवळजवळ अर्धा येतो, त्यावर हा नियम उभा आहे. पण तो फक्त चाकं धावपट्टी संपायच्या आत सुटतील का, एवढंच सांगतो. पलीकडच्या झाडांवरून जाल की नाही हे त्याला ठाऊक नसतं.

पेट्रोल लिटरमध्ये भरा, पण विचार वेळेत करा. वापरता येणारं पेट्रोल २०० लिटर आणि खर्च चढाई धरून तासाला ३६ लिटर असेल तर हवेत साडेपाच तास. एफएएचा नियम दिवसा ३० मिनिटांचं राखीव पेट्रोल मागतो, रात्री ४५ मिनिटांचं. स्वतःसाठी एक तास धरा. उरले साडेचार तास. इंजिन ९ वाजता सुरू केलं तर १३.३० ही चाकं जमिनीवर असण्याची वेळ, आणि ती गुडघ्यावरच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहा. छोट्या विमानांचे गेज भरवशाचे नसतात. निघण्याआधी काठी घालून टाकी मोजा आणि दर तासाला हिशेब पुन्हा करा.

घड्याळाची वेळच का? २८ डिसेंबर १९७८ ला अमेरिकेत पोर्टलंडजवळ एक डीसी-८ प्रवासी विमान लँडिंग गिअरच्या (उतरायच्या चाकांच्या) बिघाडाचा छडा लावत सुमारे तासभर घिरट्या घालत राहिलं आणि पेट्रोल संपून कोसळलं. १० जण गेले. पेट्रोल कमी होतंय हे कॉकपिटमध्ये कोणालाच माहीत नव्हतं असं नाही. लक्ष गिअरमध्ये अडकलं होतं आणि सहकाऱ्यांनी जे सुचवलं ते कॅप्टनपर्यंत नीट पोचलंच नाही. एखाद्या अडचणीत गुंतलेल्या माणसाला काळाचं भान राहत नाही. म्हणून अडचण सोडवायला बसण्याआधी म्हणा: "१५ वाजून १० मिनिटांनी, सुटो वा न सुटो, आपण उतरायला निघणार." मग टायमर लावा.

हवा बिघडत जाते तेव्हा

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, कारण हवा एकदम बिघडत नाही. ढग जरा खाली येतात, तुम्ही ३०० फूट खाली जाता. पुढे थोडं धुरकट होतं, तुम्ही डावीकडे वळता. प्रत्येक पाऊल छोटं आणि समजूतदार वाटतं, आणि मुक्काम जितका जवळ येतो तितकं मागे फिरणं जड जातं. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात, उपकरणांवर उडण्याचा सराव नसलेल्या पायलटना ढगात शिरल्यासारखी स्थिती दिली गेली. विमानावरचा ताबा सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले.

या घसरणीवर उपाय एकच, खुणा आधी ठरवणं. दोन खुणा पुरतात. पहिली: ढगाखाली राहण्यासाठी ठरलेली उंची एकदा जरी सोडावी लागली तर मागे. दुसरी: हवेमुळे मार्ग दोनदा बदलावा लागला तर मागे. "आणखी दहा मैल बघू" हे वाक्य मनात आलं की ती तिसरी खूण समजा.

लवकर का फिरायचं, ते आकड्यांतून दिसतं. १०० नॉटला विमान मिनिटाला सुमारे ३ किलोमीटर जातं. सेकंदाला ३ अंशांच्या नेहमीच्या वळणाने उलट फिरायला एक मिनिट लागतं आणि त्या वळणात विमान सुमारे एक किलोमीटर पुढे सरकतं. व्हिजिबिलिटी ५ किलोमीटर असेल तर समोर दिसणारी शेवटची गोष्ट ९७ सेकंदांवर आहे, वळायला ऐसपैस जागा. २ किलोमीटर असेल तर ती ३९ सेकंदांवर आहे. म्हणजे वळताना निम्मी जागा गेलेली असेल, आणि डोंगर आडवा आला तर हातात जवळजवळ काहीच नाही.

जमिनीवरून अंदाज घ्यायला तापमान आणि दवबिंदू बघा. दुपारी उकाड्याने तयार होणाऱ्या गोळा ढगांचा तळ दोन्हींतल्या फरकाच्या दर अंशामागे सुमारे ४०० फूट असतो. फरक ४ अंश असेल तर १,६०० फूट, तुमच्या २,००० च्या खाली. संध्याकाळी फरक ३ अंशांच्या आत यायला लागला आणि वारा पडला की धुक्याची तयारी चालू आहे असं धरा.

शिरलातच ढगात, तर मान फिरवून बाहेर शोधू नका. नजर ॲटिट्यूड इंडिकेटरवर (विमान किती कललंय ते दाखवणाऱ्या उपकरणावर), पंख सपाट, थ्रॉटल होता तिथेच. चार श्वास घ्या. मग १५ अंशांच्या बँकने, म्हणजे पंख तेवढे कलते करून, उलट दिशेला वळा आणि वळण पुरं झालं की एटीसीला (हवाई वाहतूक नियंत्रणाला) स्पष्ट सांगा: "मी व्हीएफआर पायलट आहे, ढगात आहे, मदत हवी." कानातली समतोलाची यंत्रणा या वेळी खोटं सांगते. विमान सरळ असताना ते कललंय असं वाटेल आणि हात ते "सुधारायला" जातील. यासाठी इन्स्ट्रक्टरबरोबर हूड, म्हणजे बाहेरचं दिसू न देणारी टोपी, घालून सराव करा. वर्षातून एकदा पुरत नाही.

पाच वाक्यं

एफएए धोक्याच्या पाच वृत्ती सांगते आणि प्रत्येकीवर एक उतारा. त्या वृत्तींची नावं पाठ करण्यापेक्षा त्या मनात कुठल्या आवाजात बोलतात ते ओळखणं उपयोगी. "नियमाचं काय, सगळेच मोडतात": नियम पाळ, ते बहुतेक वेळा बरोबर असतात. "आत्ता लगेच काहीतरी कर": थांब, आधी विचार. "मला काही होत नाही": मलाही होऊ शकतं. "बघाच कसं उतरवतो": धोका पत्करणं मूर्खपणा आहे. "आता काय, होईल ते होईल": माझ्या हातात अजून बरंच आहे. चौथ्या प्रकारावर सगळे बोलतात, पण पाचवा गप्प असतो आणि त्यामुळे ओळखू येत नाही. इंजिन बंद पडल्यावर नुसतं समोर बघत बसलेला पायलट घाबरट नसतो. त्याने मनातून हात टेकलेले असतात. उतारा मोठ्याने म्हणा. तोंडातून निघालेलं वाक्य हातांना कामाला लावतं.

बिघाड झालाच तर

पहिला प्रश्न "काय झालं" हा ठेवू नका. पहिला प्रश्न "विमान कोण उडवतंय", दुसरा "माझ्याकडे किती वेळ आहे". २९ डिसेंबर १९७२ ला फ्लोरिडात एका ट्रायस्टार प्रवासी विमानाचे पायलट लँडिंग गिअरच्या एका दिव्यात गुंतले होते, ऑटोपायलट उंची सोडतोय हे कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि १०१ माणसं गेली.

वेळ बिघाडागणिक बदलतो. इंजिनाला आग लागली तर सेकंद, आणि कृती पाठ हवी. अल्टरनेटर, म्हणजे विमानात वीज तयार करणारं यंत्र, गेला तर नको असलेली उपकरणं बंद करून चांगली बॅटरी साधारण अर्धा तास टिकते, म्हणजे चेकलिस्ट वाचायला, विचारायला, विमानतळ निवडायला सवड आहे. सवड असताना घाई करणं हीही चूकच.

टेकऑफनंतर इंजिन गेलं तर नाक ताबडतोब खाली आणि समोर, दोन्ही बाजूंना ३० अंशांच्या आत जागा शोधा. मागे वळायला १८० अंश पुरत नाहीत. धावपट्टीच्या रेषेवर यायला आणखी ६० ते ९० लागतात. या वळणात तुमच्या विमानाची किती उंची जाते ते इन्स्ट्रक्टरबरोबर ३,००० फुटांवर मोजा: पॉवर काढा, दचकण्याचे चार सेकंद मुद्दाम जाऊ द्या, मग वळा. आलेल्या आकड्यात निम्मे आणखी मिळवा. त्याखाली वळायचं नाही, हे दर टेकऑफआधी मोठ्याने म्हणा.

उतरताना ५०० फुटांवर वेग ठरलेल्यापेक्षा १० नॉट जास्त किंवा ५ नॉट कमी यांच्या आत, फ्लॅप्स (पंखांमागच्या खाली झुकणाऱ्या पट्ट्या) लागलेले, विमान मध्यरेषेवर, नाहीतर गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर जाणं. पूर्ण पॉवर, नाक सावरा, उजवा रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारं पेडल), फ्लॅप्स टप्प्याटप्प्याने. सगळे एकदम वर घेतले तर विमान खाली बसतं.

माणसांचं दडपण

बरोबर येणाऱ्यांना निघण्याच्या दिवशी नाही, बोलावतानाच सांगा: "जाऊ असं वाटतंय, पण मध्ये मुक्काम पडू शकतो." कपड्यांची एक पिशवी, मुक्कामाचा पत्ता आणि रस्त्याने परतायची सोय आधीच बघून ठेवा. पर्याय तयार असला की मागे फिरताना कोणाला काही समजवावं लागत नाही.

दोन पायलट असतील तर शंका आकड्यात बोला. "जरा कमी वाटतंय का?" असं म्हटलं तर ते हवेत विरून जातं. "वेग ८ नॉट कमी, गो-अराउंड" असं म्हणा. उत्तर नाही आलं तर तेच पुन्हा, आणि तरीही नाही आलं तर कंट्रोल घ्या. कंट्रोल कोण, कधी, कुठल्या शब्दांनी घेणार हे निघण्याआधी ठरलेलं हवं. १९७७ मध्ये स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धावपट्टीवर दोन जंबो आदळून ५८३ माणसं गेली, तिथेही एका फ्लाइट इंजिनिअरने शंका काढली होती. कॅप्टनने ती उडवून लावली आणि टेकऑफ चालूच राहिला.

उतरल्यावर, विमान बांधून झालं की लॉगबुकात दोन ओळी लिहा: आज कुठला निर्णय उशिरा घेतला, आणि सुखरूप आलो ते निर्णयामुळे की नशिबाने. चुकीचा निर्णय घेऊनही विमान बहुतेक वेळा नीट उतरतं, आणि म्हणूनच तो पुढच्या वेळी बरोबर वाटू लागतो. एकच नोंद तीन वेळा आली की मिनिमम्सच्या कागदावरचा तो आकडा कडक करा आणि इन्स्ट्रक्टरबरोबरचा पुढचा तास त्याच गोष्टीसाठी मागा.