वीटकरी आयसीएफ डब्याची प्रतिकृती

चेन्नईतल्या पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत, म्हणजे रेल्वे डब्यांच्या कारखान्यात, १९५५ पासून बांधले जाणारे, ‘आयसीएफ’ याच नावाने ओळखले जाणारे डबे बांधणे २०१८ साली थांबले. प्रतिकृतीसाठी त्यांतला वीटकरी रंगाचा, दुसऱ्या वर्गाचा साधा डबा निवडावा. पण पुठ्ठा कापण्याआधी आपला डबा कोणत्या सालचा आहे, हे ठरवून घ्यावे. वीटकरी रंग व्हॅक्यूम ब्रेकच्या, म्हणजे निर्वातावर चालणाऱ्या ब्रेकच्या, काळातला आहे आणि नव्वदच्या दशकात दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या एअर ब्रेकबरोबर निळा रंग आला. त्यामुळे वीटकरी डब्याखाली व्हॅक्यूमचे दोन मोठे सिलिंडर नसतील, तर वरचे काम कितीही सुबक असले तरी जाणकाराला ती चूक लगेच दिसते.

खरा डबा २१.३३७ मीटर लांब आणि ३.२४५ मीटर रुंद असतो. १:८७ या प्रमाणात ही मापे २४५ आणि ३७.३ मिलिमीटर होतात, तर ९१५ मिलिमीटरचे चाक साडेदहा मिलिमीटरचे होते. अडचण येते ती रुळांची, कारण आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा असल्याने रुळांमधले अंतर १९.३ मिलिमीटर हवे आणि या प्रमाणाचे बाजारात मिळणारे रूळ १६.५ मिलिमीटरचे असतात. गाडी चालवायची असेल तर ही तडजोड स्वीकारावी लागते; कपाटात ठेवायच्या डब्यासाठी मात्र लांब आस लावून योग्य अंतराचेच रूळ घालावेत, असे माझे आग्रहाचे मत आहे. बारीकसारीक मापांसाठी प्रत्यक्ष डबा पाहावा. जुन्या आयसीएफ डब्यांची काही स्थानकांवर उपाहारगृहे केली आहेत, आणि अशा डब्याजवळ मोजपट्टी घेऊन निवांत उभे राहता येते.

बाजूच्या भिंतींसाठी आयव्हरी कार्डाचे दोन थर पुरतात. बाहेरची कड कापण्याआधी खिडक्या कापाव्यात, म्हणजे कागद धरायला भरपूर जागा राहते. दर चार-पाच खिडक्यांनंतर कटरचे पाते बदलावे. कापून झाल्यावर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडी लाखेचा पातळ हात दोन्ही बाजूंना द्यावा. त्याने कार्ड कडक होते आणि रंग शोषत नाही. भिंतीचा खालचा काठ खऱ्या डब्यात किंचित आत वळलेला असतो. तो बाक लाख देण्याआधीच, कार्ड गोल पेन्सिलीवरून हलकेच ओढून आणावा. छपरासाठी बाल्सा लाकडाचा ठोकळा पुठ्ठ्याच्या साच्याला लावून पाहत घासावा.

खिडक्यांचे गज हा डब्याचा चेहराच आहे. खरा गज बोटाएवढाही जाड नसतो, म्हणून प्रतिकृतीत तो पाव मिलिमीटरपेक्षा बारीक हवा. जुन्या पंख्याच्या मोटारीच्या वाइंडिंगची तार त्यासाठी उत्तम. ती दोन पकडींत ताणून सरळ करावी आणि एकेका खिडकीसाठी वेगळे तुकडे न कापता भिंतीच्या आतून टोकापासून टोकापर्यंत सलग चिकटवावी, म्हणजे सगळे गज एका रेषेत येतात. माझ्या पहिल्या डब्यात मी गज लावून मग ब्रशने रंग दिला, तेव्हा गजांमधल्या फटी रंगाने भरल्या आणि ती पूर्ण भिंत टाकून द्यावी लागली. तेव्हापासून भिंत आणि गज मी वेगवेगळे रंगवतो, आणि काचा सर्वांत शेवटी बसवतो.

रंग देताना आधी राखाडी प्रायमर मारावा आणि तो एक दिवस वाळू द्यावा. वीटकरी रंगाचे तीन-चार विरळ हात एअरब्रशने द्यावेत. बाटलीतला तयार लाल रंग फार झळझळीत दिसतो, म्हणून त्यात तपकिरी आणि अगदी थेंबभर पांढरा मिसळावा, कारण लहान वस्तूवर गडद रंग आणखी गडद भासतो. अक्षरे चिकटवण्याआधी चकचकीत वार्निश द्यावे, नाहीतर डेकल्सची, म्हणजे चिकटवायच्या छापील अक्षरांची, कड चमकते. डब्याच्या क्रमांकातले पहिले दोन आकडे बांधणीचे साल सांगतात. तेव्हा सुरुवातीला ठरवलेल्या सालाशी ते जुळवून घ्यावेत.

शेवटी मळ. बिडाच्या ब्रेक ब्लॉकची झीज होऊन उडणारी गंजकट धूळ बोगीवर, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यावर, आणि भिंतीच्या खालच्या पट्ट्यावर बसते, वर नाही. म्हणून मऊ खडूची तपकिरी पूड कोरड्या ब्रशने खालून वर नेत खिडक्यांच्या बऱ्याच खाली थांबवावी, आणि मग सगळ्यावर मॅट वार्निशचा एक हात द्यावा.