अमेरिकेच्या स्थापनेत धर्म नेमका कुठे होता, हे स्वतः कसं तपासायचं

'अमेरिका ख्रिश्चन देश म्हणूनच स्थापन झाला' असं एक जण म्हणतो, दुसरा म्हणतो 'छे, त्या लोकांना धर्माशी काही देणंघेणंच नव्हतं', आणि दोघांनीही मूळ कागद बघितलेले नसतात. तर आधी ते बघा.

सुरुवात 1787 च्या मूळ राज्यघटनेपासून करा, छोटी आहे, तासाभरात वाचून होते. त्यात देव शोधा. सापडत नाही, फक्त शेवटी सहीच्या तारखेत 'आपल्या प्रभूचं वर्ष' असं येतं आणि ती तेव्हाची तारीख लिहायची पद्धत होती. मग सहावं कलम उघडा: सरकारी पदासाठी धर्माची अट कधीच घालता येणार नाही. हे वाक्य साधं वाटतं पण त्या काळी बऱ्याच राज्यांत अशी अट होती, म्हणून ते नीट थांबून वाचा.

1776 चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा वेगळा ठेवा. त्यात 'निर्माता' आहे, पण तो ब्रिटनच्या राजापासून वेगळं व्हायचा कागद आहे, सरकार कसं चालेल ते तो ठरवत नाही. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

आता व्हर्जिनिया हे राज्य, आणि इथे घाई करू नका प्लीज. 1784 मध्ये तिथला नेता पॅट्रिक हेन्री याने बिल आणलं की ख्रिश्चन धर्मशिक्षकांसाठी लोकांनी टॅक्स द्यायचा, कुठल्या पंथाला ते ज्याने त्याने ठरवायचं. ऐकायला उदारच वाटतं ना? पण तिथलाच दुसरा नेता जेम्स मॅडिसन याने 1785 मध्ये विरोधात अर्ज लिहिला आणि विचारलं की जे सरकार आज बाकी धर्म बाजूला सारून ख्रिश्चन धर्म बसवू शकतं ते उद्या बाकी पंथ बाजूला सारून एकच पंथ का नाही बसवणार? त्याच्या बाजूने बॅप्टिस्ट या ख्रिश्चन पंथाचे लोक उभे राहिले, ज्यांचे प्रचारक व्हर्जिनियात परवान्याशिवाय प्रवचन केलं म्हणून तुरुंगात गेले होते. म्हणजे सरकार दूर ठेवा ही मागणी श्रद्धाळू लोकांचीसुद्धा होती, मला तर सगळ्या विषयात हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. हेन्रीचं बिल पडलं आणि 1786 मध्ये थॉमस जेफरसनचा (1776 चा जाहीरनामा लिहिणारा तोच) धर्मस्वातंत्र्याचा कायदा पास झाला.

1791 ची पहिली घटनादुरुस्ती वाचताना पहिला शब्द बघा, 'काँग्रेस', म्हणजे अमेरिकेची केंद्रीय संसद. सरकारी धर्म बसवायचा कायदा करू नका हे बंधन फक्त केंद्रावर होतं, म्हणून मॅसॅच्युसेट्समध्ये चर्चसाठीचा टॅक्स 1833 पर्यंत चालला.

कोणी कोट टाकला की आधी वर्ष विचारा. चर्च आणि सरकार यांना 'विभक्त ठेवणारी भिंत' हे शब्द घटनेत नाहीत, ते जेफरसनच्या 1802 च्या पत्रात आहेत. 'इन गॉड वुई ट्रस्ट' राष्ट्रीय ब्रीदवाक्य झालं 1956 मध्ये, ते स्थापनेचा पुरावा होत नाही. आणि आपल्या मताविरुद्धचा कागदही लपवू नका, पहिल्याच काँग्रेसने 1789 मध्ये पगारी धर्मगुरू नेमले होते.