द प्रिझनर दुसऱ्यांदा पाहणार असाल तर

ज्यांनी ही मालिका एकदा पाहिली आणि शेवटच्या एपिसोडनंतर "हे काय होतं बे" म्हणत टीव्ही बंद केला, त्यांच्यासाठी लिहून राहिलो. १९६७-६८ ची ब्रिटिश मालिका, १७ एपिसोड. राजीनामा देणाऱ्या हेराला बेशुद्ध करून एका सुंदर गावात नेऊन टाकतात, नाव काढून नंबर सहा म्हणतात आणि राजीनामा का दिला एवढंच विचारत राहतात. कोडं सोडवायला बसाल तर परत तेच होईल. त्याला वाकवायला काय काय करतात आणि तो कसा वाकत नाही, यावर लक्ष ठेवा.

आधी डिस्कचं पाहून घ्या. डिस्क ज्या भागासाठी काढली तिथल्याच प्लेअरवर चालते, त्या भागाला रीजन म्हणतात. आपल्याकडचा रीजन डीव्हीडीला ५, ब्लू-रेला सी. इंग्लंडचा २ आणि बी, अमेरिकेचा १ आणि ए. म्हणजे बाहेरून सेट मागवायचा तर प्लेअर मल्टी-रीजन, म्हणजे सगळ्या रीजनच्या डिस्क चालवणारा, आहे का ते आधी बघा, नाहीतर पैसे पाण्यात. जमत असेल तर ब्लू-रेच घ्या, शूटिंग ३५ मिलिमीटर फिल्मवर झालंय त्यामुळे नंबर सहाच्या काळ्या ब्लेझरची पांढरी किनारसुद्धा स्वच्छ दिसते.

टीव्हीवर चित्र ४:३ च ठेवा, बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्या, ताणलं की सगळे जाडे दिसतात. मोशन स्मूदिंग, म्हणजे टीव्ही हालचाल जास्तच गुळगुळीत करतो ती सेटिंग, बंद. आणि उन्हाळ्यात नागपुरात कूलर लावल्याशिवाय बसणं होत नाही अन् त्याच्या घरघरीत अर्धी मालिका बुडते, म्हणून हेडफोन लावाच. पहिल्या एपिसोडमध्ये, अरायव्हलमध्ये, नंबर सहा घरातला रेडिओ पायाखाली तुडवतो तरी संगीत थांबत नाही. घराचं दार गुणगुणत आपोआप उघडतं. ही मालिका जेवढी डोळ्यांनी तेवढीच कानांनी पाहायची आहे.

आता खरी गोष्ट, क्रम. डिस्कवर बहुतेक वेळा ब्रिटनमधल्या प्रसारणाचा क्रम असतो, आणि तो मला तरी पटत नाही. डान्स ऑफ द डेड हा एपिसोड आठव्या नंबरवर आहे आणि त्यात नंबर सहा सांगतो की मी इथं नवीन आहे, मग तो अरायव्हलच्या लगेच नंतर नको का? फ्री फॉर ऑल आणि चेकमेट पण सुरुवातीलाच घ्या. द जनरल सहावा आहे अन् ए. बी. अँड सी. तिसरा, दोन्हींत नंबर दोनच्या, म्हणजे गावाच्या कारभाऱ्याच्या, खुर्चीत नट कॉलिन गॉर्डनच, पण द जनरलमध्ये तो निवांत आहे आणि ए. बी. अँड सी. मध्ये दुधाचा ग्लास हातात घेऊन वरिष्ठांच्या लाल फोनला घाबरतो, म्हणजे ही त्याची शेवटची संधी. उलटा क्रम लावून पाहा, त्याची भीती एकदम खरी वाटते.

मधले कसेही चालतील. लिव्हिंग इन हार्मनी अचानक काउबॉयपट होतो, बिचकू नका.

रोज एकच पाहा, पण वन्स अपॉन अ टाइम आणि फॉल आउट एकाच रात्री, मध्ये जेवायलासुद्धा उठायचं नाही. नंबर दोन झालेला लिओ मॅककर्न आणि नंबर सहा झालेला पॅट्रिक मॅकगूहन यांची जुगलबंदी तुटता कामा नये. आणि फॉल आउटची सुरुवात पुढे पळवून टाळू नका, गाव खरं वेल्समधलं पोर्टमेरियन आहे हे मालिका तिथंच पहिल्यांदा उघड सांगते.