स्वप्नात जागं व्हा, पण उठू नका

वाईट स्वप्नांवर आमच्या मालवणात उपायांना तोटा नाही. आजी म्हणायची, "उशाखाली कोयतो ठेव, काय्येक जवळ येवचा नाय." ठेवला. तरी स्वप्नात खाडीला भरती यायचीच. पाय चिखलात रुतलेले आणि पाणी चढतंय. 'चांगले विचार करत झोपा' हा शहरी सल्ला तर कोयत्याहून बोथट.

मला उपयोग झाला तो स्वप्नातच 'हे स्वप्न आहे' हे ओळखण्याचा. ही भुताटकी नव्हे. १९७५ साली इंग्लंडात संशोधक कीथ हर्न यांनी अशा झोपलेल्या माणसाने ठरवून केलेल्या डोळ्यांच्या खुणा यंत्रावर टिपल्या आहेत.

उशाशी वही ठेवा, जाग येताच स्वप्न लिहा. दिवसातून आठ-दहा वेळा नाक चिमटीत धरून श्वास घेऊन बघा. ही सवय स्वप्नातही उतरते, आणि तिथे श्वास बहुतेक वेळा आत जातो. तो गेला की समजा, हे स्वप्न आहे. झोपल्यावर पाचेक तासांनी गजर लावून उठा, थोडं जागा आणि "स्वप्न पडलं की मला कळेल" असं घोकत परत झोपा. स्वप्नांचा मोठा वाटा पहाटेकडेच असतो. सकाळी लांब गाडी चालवायची असेल त्या रात्री हा उद्योग नको.

खरी गोची कळल्यानंतर होते. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी आनंदाने ओरडलो आणि थेट घराचे वासे दिसले. मग महिनाभर काही नाही. म्हणून सांगतो, कळलं की गप्प राहा. डोळे मिटू नका, मिटले की जाग येऊ शकते. तळहात एकमेकांवर घासा, पायाखालचा चिखल नीट बघा. स्वप्न टिकतं.

दुसऱ्यांदा मी पाण्याशी भांडलो. "आटून जा" म्हणून दरडावलं, तर लाट माडाएवढी झाली. होणारच! स्वप्न तुमच्या हुकमावर चालत नाही, तुम्ही मनात जे धरून बसता त्यावर चालतं. आणि दरडावताना मी धरून बसलो होतो ती भीतीच. उडून पळा, तलवार काढा असं सांगणाऱ्यांचं म्हणूनच मला पटत नाही. तिसऱ्या वेळी मी वळलो, पाण्याकडे तोंड करून उभा राहिलो आणि विचारलं, "काय होया तुका?" उत्तर आलं नाही. पाणी मांड्यांपर्यंत येऊन थांबलं. कोमट होतं.

एखाद्या अपघाताचं किंवा मारहाणीचं स्वप्न पुन्हा पुन्हा पडत असेल, तर हे एकट्याने करू नका. आधी मानसोपचार डॉक्टरांना गाठा. जाग आल्यावर अंग क्षणभर हललं नाही तर घाबरू नका. बोटं हलवत राहा, सुटतं.