जुन्या जीपचा डॅशबोर्ड नव्याने बनवताना पत्रा कोणता घ्यावा

महिंद्राची सीजे ३बी, सीजे ५००, एमएम ५४० किंवा तशीच एखादी उघडी जीप दुरुस्तीला काढली की डॅशबोर्डचा पत्रा हमखास बदलावा लागतो. खालच्या कडेने तो कुजलेला असतो, आणि टेप, पंखा, फॉगलॅम्पची बटणं यांसाठी आधीच्या मालकांनी पाडलेल्या भोकांनी त्याची चाळण झालेली असते. नवा पत्रा कापायचा म्हटलं की पहिला सल्ला येतो, "ॲल्युमिनियम टाका, गंजायचं नाव नाही." हा सल्ला डॅशच्या एका भागाला लागू आहे, दुसऱ्याला अजिबात नाही.

उघड्या जीपमध्ये डॅश हा नुसता मीटर लावायचा फळा नसतो. तो काऊलच्या, म्हणजे काचेखालच्या पत्र्याच्या चौकटीच्या, दोन्ही बाजू एकमेकींना धरून ठेवतो. स्टिअरिंग कॉलमचा क्लॅम्प त्याच्या खालच्या कडेला येतो. काही गाड्यांत हँडब्रेकची ओढायची मूठ डॅशमधूनच बाहेर येते. शेजारी बसणाऱ्याची पकडायची दांडीही तिथेच असते, आणि घाटातल्या दगडी वाटेवर गाडी आडवी झाली की माणूस सगळा भार त्या दांडीवर टाकतो. म्हणून पत्रा ठरवण्याआधी आपल्या गाडीत डॅशला काय काय जोडलेलं आहे ते खाली वाकून बघून कागदावर लिहून घ्या. ताण घेणारा भाग आणि मीटर धरणारा भाग हे दोन वेगळे धरले की निर्णय सोपा होतो: पूर्ण डॅश पोलादी पत्र्याचा, आणि हवं असेल तर मधलं मीटरचं पॅनल ॲल्युमिनियमचं, बोल्टने लावलेलं.

पूर्ण डॅशसाठी: सीआरसी पत्रा

सीआरसी म्हणजे थंड लाटलेला पोलादी पत्रा. गाडीचं मूळ अंगही अशाच पत्र्याचं असतं, त्यामुळे तो वेल्ड होतो, ठोकून सरळ होतो आणि पुढे कधी चेपला तर कुठलाही डेंटर दुरुस्त करतो. जाडी १.२ मिमी पुरते. दांडी, हँडब्रेक आणि कॉलम असं सगळंच डॅशवर असेल तर १.६ मिमी घ्या, किंवा १.२ मिमीच ठेवून त्या जागांच्या मागे २ मिमीच्या पट्ट्या वेल्ड करा. आम्ही दुसरा मार्ग सुचवू, कारण १.६ मिमीचा लांब पत्रा हाताने बसवताना काऊलच्या किंचित गोलाईत वळत नाही आणि बोल्टने ओढून बसवला तर भोकांपाशी ताण साचतो.

दुकानात गेजमध्ये मागू नका. १६ गेज एका मापपद्धतीत १.६३ मिमी असतो, दुसऱ्यात १.५२. मिलिमीटरमध्ये मागा आणि कॅलिपर लावून बघा. पत्र्याला तेलाचा हलका हात असलेला बरा. कोरडा आणि कडेने तांबूस पडलेला पत्रा पावसाळी दमटपणात पडून असलेला असतो. डोळ्यांना न दिसणारे बारीक खड्डे रंगाखाली जातात आणि एका पावसाळ्यात फोड होऊन वर येतात.

जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, अनेकजण गंजाच्या भीतीने घेतात. वेल्डिंग करताना जस्त जळून पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला तर संध्याकाळपर्यंत ताप भरतो, आणि जिथे वेल्ड झालं तिथलं जस्त तर गेलेलंच असतं. शिवाय गुळगुळीत जस्तावर साधा प्राइमर धरत नाही, वर्षभरात पापुद्रे सुटतात. डॅशसाठी जीआयचा फायदा फार थोडा आहे.

ॲल्युमिनियम कुठे चालतं

वजन वाचतं म्हणून ॲल्युमिनियम घेणार असाल तर हिशेब बघा. कडा धरून डॅशचा उलगडलेला पत्रा १३०० × २५० मिमी धरू. १.२ मिमी पोलादात तो सुमारे ३ किलो भरतो, २ मिमी ॲल्युमिनियममध्ये पावणेदोन किलो. टनाच्या वर वजन असलेल्या जीपला हा सव्वा किलो कळतही नाही.

ताठपणाचाही हिशेब आहे. ॲल्युमिनियम पोलादाच्या साधारण एक तृतीयांश ताठ असतं, म्हणून तितकाच ताठपणा हवा तर जाडी १.४ पट लागते: १.२ मिमी पोलादाच्या जागी १.७, म्हणजे बाजारातलं २ मिमी, १.६ च्या जागी २.५ मिमी. पण ताठपणा जुळला तरी थकव्याचा प्रश्न राहतो. डिझेल इंजिनाची थरथर आणि कच्च्या रस्त्याचे हादरे यांनी ॲल्युमिनियम हळूहळू थकतं. पोलादात ठरावीक मर्यादेखालचा ताण कितीही वेळा आला तरी चीर पडत नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. चीर नेहमी दांडीच्या बोल्टच्या भोकापासून किंवा चौकोनी खाचेच्या टोकदार कोपऱ्यातून निघते. म्हणून ताणाच्या जागी ॲल्युमिनियम नको, मीटरच्या पॅनलला मात्र ते उत्तम: हाताने कापता येतं, होल सॉ (गोल भोक पाडणारी करवत) सहज चालते, उद्या मीटर बदलले तर नवं पॅनल तासाभरात होतं.

ग्रेड ५०५२, टेम्पर (कडकपणा) एच३२ मागा. हा पत्रा वाकतो आणि खाऱ्या हवेत टिकतो, त्यामुळे कोकण-गोव्यातल्या गाड्यांना योग्य. ६०६१-टी६ जास्त मजबूत असतो म्हणून पुढे केला जातो, पण तंग वाकवला की वळणाच्या बाहेरच्या बाजूला तडकतो. सपाट पॅनल असेल तरच घ्या. मुंबईत सी. पी. टँक-कुंभारवाडा भागात पत्र्यावर छापलेला ग्रेड बघून घेता येतो. नुसतं "कमर्शियल" म्हणून दिलेला पत्रा बहुधा मऊ असतो, बटणाची चकती घट्ट करताना खोलगट होतो.

स्टेनलेस

चमक आवडते म्हणून एसएस ३०४ घेतला जातो. चमकता डॅश उघड्या जीपमध्ये दुपारी डोळ्यांवर येतो आणि रात्री काचेत मीटरचे दिवे दुप्पट दिसतात, त्यामुळे घ्यायचाच तर ब्रश फिनिशचा, १.२ मिमी. भोकं पाडताना तो घासून कडक होतो. ५२ मिमीची होल सॉ मिनिटाला शंभर फेऱ्यांच्या आत, दाब देऊन आणि तेल सोडत चालवा. वेग वाढवून नुसतं घासत राहिलात तर दात जातात आणि ती जागा इतकी कडक होते की नवी होल सॉही घसरते. ३०४ च्या नावाखाली २०२ हा स्वस्त ग्रेड विकला जातो. दोन्हीला चुंबक जवळपास चिकटत नाही, म्हणून चुंबकाची परीक्षा इथे उपयोगाची नाही. मँगनीज टेस्टचा थेंब टाकून दाखवायला सांगा.

दोन धातू एकत्र आले की

पोलादी डॅशवर ॲल्युमिनियम पॅनल उघडं टेकवलं आणि पावसाचं पाणी मध्ये शिरलं की ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीत झिजतं. दोन्ही पृष्ठभाग रंगवा, मध्ये १ मिमीची रबर पट्टी किंवा बंद पेशींची (पाणी न शोषणारी) फोम टेप द्या, बोल्टखाली नायलॉन वॉशर घाला. एसएसचा छोटा बोल्ट मोठ्या ॲल्युमिनियम पत्र्यात चालून जातो. उलट प्रकार, म्हणजे मोठ्या एसएस पत्र्यात ॲल्युमिनियमचे पॉप रिव्हेट, टाळाच. सगळी झीज त्या इवल्या रिव्हेटवर येते आणि डोकी गळून पडतात.

माप, कापणी, वाकवणी

जुना पत्रा काढण्याआधी त्यावर पुठ्ठा ठेवून साचा काढा आणि काऊलच्या दोन्ही बाजूंमधलं अंतर वर, मध्ये, खाली असं तीन ठिकाणी लिहून ठेवा. मग दोन्ही बाजूंना आडवा अँगल टाके मारून बसवा, तेव्हाच डॅश कापा. अँगल न लावता कापलं तर काऊल काही मिलिमीटर उघडतो आणि पुढे काचेची फ्रेम बसत नाही. वेल्डिंगआधी बॅटरी आणि अल्टरनेटर सोडवून ठेवा. स्पॉट वेल्ड ८ मिमीच्या कटरने फक्त वरच्या पत्र्यापुरते काढा. कंपनीची माहितीपट्टी असेल तर रिव्हेट काढून ती जपून ठेवा आणि नव्या डॅशवर लावा.

साचा आधी ३ मिमी हार्डबोर्डमध्ये कापून गाडीत बसवून बघा. स्टिअरिंगवर हात ठेवून, गिअर सगळे टाकून, गुडघा कुठे येतो तेही बघा. छोट्या मीटरांना साधारण ५२ मिमी भोक लागतं, पण स्पीडोमीटर आणि बटणं प्रत्येक कंपनीची वेगळी, म्हणून वस्तू हातात आल्याशिवाय भोक नको. स्पीडोमीटरची केबल मागून निदान ५० मिमी सरळ यायला हवी. लगेच वळवली तर काटा नाचतो.

वरची आणि खालची कड २०-२५ मिमी आत वळवा, ताठपणाचा मोठा वाटा याच वळणांतून येतो. नुसता सपाट पत्रा, जाड असला तरी, ठरावीक वेगाला गुणगुणतो. लांबी काढताना वळणाची सूट धरा: १.२ मिमी पोलाद तितक्याच आतल्या गोलाईने ९० अंशात वाकवला तर बाहेरच्या मापांच्या बेरजेतून दर वळणाला सुमारे २.२ मिमी वजा; २ मिमी ॲल्युमिनियम ३ मिमी गोलाईने वाकवला तर सुमारे ४ मिमी. लेझर कटिंगवाल्याला वळणाची रेघ पत्र्याच्या लाटण्याच्या दिशेला आडवी ठेवायला सांगा आणि आतल्या कोपऱ्यांना ५ मिमी गोलाई द्या. खालची कड आत वळली की तिथे पन्हळ तयार होते, त्यात पाणी साचतं. दोन्ही टोकांना ६ मिमीचं भोक ठेवा. मूळ पत्रा खालूनच कुजतो त्याचं कारण बहुतेकदा हेच असतं.

सगळ्या कडा कानशीने मारून, बोट फिरवून बघा. जुन्या जीपला एअरबॅग नाही, धक्क्यात गुडघा आणि कपाळ याच कडेवर येतं. म्हणूनच ५ मिमी प्लेटचे डॅश करू नयेत. ते वाकत नाहीत, माणूस वाकतो.

रंग आणि अर्थिंग

सीआरसीला थिनरने तेल काढून एपॉक्सी प्राइमर, मग मॅट रंग, मागच्या बाजूलाही तेवढाच. ॲल्युमिनियमला ॲसिडवाला एच (etch) प्राइमर, म्हणजे धातू किंचित खाऊन पकड घेणारा, लागतो. त्या प्राइमरवर थेट एपॉक्सी चालतो का ते डब्यावर वाचा, बहुतेक वेळा चालत नाही. पावडर कोटिंग करणार असाल तर लांबी (पुट्टी) भरू नका, भट्टीत १८०-२०० अंशांना ती फुगते. आटे झाकून द्या आणि भोकं ०.३ मिमी सैल ठेवा.

जुन्या गाडीत मीटरांची अर्थिंग डॅशच्या पत्र्यातूनच होते. नवा रंग, रबर पट्टी, नायलॉन वॉशर यांनी ती तुटते: हेडलाइट लावला की डिझेलचा काटा हलतो, तापमान खोटं दाखवतं, आणि माणूस सेन्सर बदलत बसतो. प्रत्येक मीटरच्या अर्थ टर्मिनलवरून वायर काढून एका बोल्टवर आणा, तिथून २.५ चौरस मिमीची वायर थेट काऊलच्या खरवडलेल्या जागेवर. टोकाला कथिलाचा मुलामा असलेला लग (बोल्टखाली येणारी भोकाची पट्टी) वापरा, वरून ग्रीस द्या. मल्टिमीटरने मीटरच्या अर्थपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत, दिवे चालू असताना, व्होल्टेज मोजा, ०.१ पेक्षा जास्त दिसलं तर जोड पुन्हा साफ करा. पहिल्या पाचेकशे किलोमीटरनंतर दांडीचे आणि कॉलमचे बोल्ट पुन्हा आवळा, आणि दांडीच्या भोकांभोवती रंगात केसासारखी रेघ दिसते का ते टॉर्च लावून बघा. दिसली तर मागची पट्टी लहान पडली आहे. ती भोकाच्या चारी बाजूंना निदान ४० मिमी पसरायला हवी.