तत्त्वज्ञानाचं विद्यार्थी मंडळ कसं काढावं आणि सगळ्यांचं कसं ठेवावं

महाविद्यालयात तत्त्वज्ञानाचं मंडळ काढायचं म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: मोठा वक्ता बोलवा, उद्घाटन दणक्यात करा. हा सल्ला ऐकू नका. उद्घाटनाला सभागृह भरतं, कारण तास बुडवून मुलांना आणून बसवलेलं असतं. दुसऱ्या बैठकीला मोजकी डोकी उरतात आणि त्यातही बोलणारे दोघं-तिघंच. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत अशी मंडळं निघताना आणि वर्षाच्या आत बंद पडताना मी पाहिली आहेत. जी टिकली त्यांनी एक गोष्ट आधी कागदावर उतरवली होती: बोलायचं कुणी, किती वेळ, आणि ते ठरवायचं कुणी.

दुसरा तितकाच वाईट सल्ला म्हणजे ‘दार सगळ्यांना उघडं ठेवा, येणारे येतील’. येत नाहीत. दार उघडं असूनही सातपुड्यातल्या धडगावची मुलगी आत येत नसेल, तर तिला काय अडवतंय ते शोधून त्यावर नियम करावा लागतो. सद्भावना प्रत्येकाच्या मनात असते, पण तिचा उपयोग नियम झाल्यावरच होतो.

मान्यता

संस्था नोंदणीच्या मागे लागू नका. १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवायला किमान सात जण लागतात, ते मिळतील. पण त्यानंतर धर्मादाय कार्यालयातले हिशेब आणि पदाधिकारी बदलले की करायचे अर्ज हे सगळं दर वर्षी माणसं बदलणाऱ्या मंडळाला झेपत नाही. प्राचार्यांच्या नावे एक पानी अर्ज, त्यावर प्रभारी प्राध्यापकांची सही, आणि वाङ्मय मंडळासारखंच महाविद्यालयाचं एक मंडळ म्हणून मान्यता, एवढं पुरे.

सभासद कोण

तत्त्वज्ञान विशेष विषय घेणारी मुलं आपल्याकडे थोडी. फक्त त्यांचंच मंडळ केलं तर ते वर्गाचंच दुसरं नाव होईल. विज्ञान, वाणिज्य, बी.एड. सगळ्यांना घ्या. वर्गणी ठेवू नका, दहा रुपयेसुद्धा नाही. दोन बैठकांना हजर राहिलेला प्रत्येक जण सभासद, आणि त्याला किंवा तिला मताचा अधिकार. तत्त्वज्ञानाच्या मुलांना ज्यादा मत नको.

वेळ आणि जागा

वेळ एस.टी.वर ठरते. सभासदांपैकी सर्वात लांबच्या गावाची गाडी किती वाजता सुटते ते विचारा आणि बैठक तिच्या अर्धा तास आधी संपवा. कला शाखेचे तास बऱ्याच ठिकाणी सकाळी असतात. तास संपल्यावर बैठक ठेवली की मुली आधी उठतात, कारण ती गाडी चुकली तर घरी काय उत्तर द्यायचं हा प्रश्न त्यांना असतो, मुलांना नसतो. म्हणून प्राचार्यांकडे आठवड्यातून एक मधला तास मागा. सभागृह नाही मिळालं तरी चालेल, हा तास मात्र मागाच. संध्याकाळ नको, रविवार नको.

खोली तळमजल्यावरची घ्या. वाचायचा मजकूर टंकून पाठवा. पुस्तकाच्या पानाचा फोटो पाठवला तर न दिसणाऱ्या विद्यार्थ्याचा मोबाईल तो नीट वाचून दाखवेल याची खात्री नसते.

ऑक्टोबरपासून कापूस वेचणी सुरू झाली की निम्मी मुलं शेतात असतात. त्या काळातली गैरहजेरी मोजायची नाही, असं मंडळाच्या घटनेतच, म्हणजे नियमांच्या पानावर, लिहा. युनेस्कोचा जागतिक तत्त्वज्ञान दिन नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी येतो आणि नेमका सुट्टी, परीक्षा, वेचणी यांच्या गर्दीत सापडतो. रिकाम्या सभागृहात तो उरकण्यापेक्षा डिसेंबरात, सगळे परतल्यावर साजरा करा.

घटना

एक पान. त्याहून मोठी कुणी वाचत नाही. अध्यक्ष हे पदच ठेवू नका. दोन संयोजक ठेवा, त्यातली किमान एक मुलगी. पाच जणांची कार्यकारिणी, त्यात एक जागा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याची आणि एक वसतिगृहात राहणाऱ्याची. वसतिगृहाची जागा मी आग्रहानं सांगते, कारण आदिवासी भागातली बरीच मुलं तिथे राहतात आणि गावातल्या मुलांच्या चहाच्या टपरीवर ठरलेलं त्यांच्यापर्यंत कधीच पोहोचत नाही. टपरीवर ठरलेला निर्णय बैठकीत मंजूर झाल्याशिवाय निर्णय नाही, हे कलम लिहा. कुठल्याही पक्षाच्या किंवा विद्यार्थी संघटनेच्या कार्यक्रमाला मंडळाचं नाव द्यायचं नाही, हेही लिहा. सभासद वैयक्तिकरीत्या कुठेही असोत.

बैठकीची सुरुवात प्रतिमापूजनानं किंवा प्रार्थनेनं करू नका. यावर दर वर्षी कुणीतरी दुखावतं, पण माघार घेऊ नका. ज्या खोलीत पुढच्या तासाभरात ईश्वराच्या अस्तित्वावर दोन्ही बाजूंनी बोलायचं आहे, तिथे एका बाजूच्या माणसाला आधीच हात जोडायला लावणं अन्यायाचं आहे.

चर्चा चालवणं

मंडळं इथे मरतात, आणि आम्हीही सर्वात जास्त इथेच अडलो होतो.

एका बैठकीत विषय होता ईश्वराचा. दोन मुलं वाचून आली होती, तीच तासभर एकमेकांना उत्तरं देत राहिली. सातपुड्यातून आलेली एक मुलगी वही उघडून बसली होती, तिनं दीड पान लिहून आणलं होतं. तिला कुणी गप्प केलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. तिची पाळीच आली नाही. पुढच्या वेळी ती आली नाही.

यावर सहसा दोन उपाय सुचवले जातात आणि दोन्ही निकामी आहेत. ‘सगळ्यांनी मोकळेपणानं बोला’ असं आवाहन केलं की आधी बोलणारेच आणखी मोकळे होतात. गोल बसवून एकेकाला बोलायला लावणं तर त्याहून वाईट. बुजरी मुलं ‘माझंही तेच मत’ म्हणून सुटका करून घेतात आणि त्या दिवसाची धास्ती घेऊन जातात. हे पुन्हा करून पाहू नका.

चाललं ते असं. पहिली दहा मिनिटं कुणीच बोलायचं नाही. प्रश्न फळ्यावर, आणि प्रत्येकाच्या हातात कोरी चिठ्ठी. हव्या त्या भाषेत, नाव न घालता, दोन-चार ओळी लिहायच्या. सूत्रसंचालक चिठ्ठ्या गोळा करून तीन-चार मोठ्यानं वाचतो आणि चर्चा त्या चिठ्ठ्यांवरूनच सुरू होते. वाचून आलेल्या मुलाच्या भाषणानं सुरू होत नाही. आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून वाचलं गेलं आणि त्यावर लोक विचार करू लागले, हे एकदा अनुभवलेली मुलगी पुढच्या महिन्यात स्वतः हात वर करते.

हात वर केलेल्यांची नावं फळ्यावर लिहायची. जो अजून बोललेला नाही त्याचं नाव नेहमी वर. एका वेळी तीन मिनिटं, घड्याळ लावून. मधे तोडणं बंद, प्राध्यापकांनासुद्धा. प्राध्यापकांनी शेवटच्या बाकावर बसावं आणि शेवटची पाच मिनिटं बोलावं. ते पहिल्या रांगेत बसले की प्रत्येक जण त्यांच्याकडे तोंड करून बोलतो आणि चर्चेची तोंडी परीक्षा होते. सूत्रसंचालक दर बैठकीला बदलायचा, आणि त्या दिवशी त्यानं स्वतःचं मत सांगायचं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा नियम. कुणाचाही मुद्दा खोडण्याआधी तो आपल्या शब्दांत मांडायचा, आणि समोरचा ‘हो, मला हेच म्हणायचं होतं’ असं म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. हा आपल्याच परंपरेतला पूर्वपक्ष आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार वेगळे केलेले आहेत: सत्य काय ते ठरवण्यासाठी केलेला वाद, जिंकण्यासाठी केलेला जल्प, आणि स्वतःची कुठलीच बाजू न मांडता फक्त दुसऱ्याचं खोडत राहणारी वितंडा. पहिल्याच बैठकीत हे तिन्ही उदाहरणं देऊन समजावून सांगा. नंतर सूत्रसंचालकानं ‘हा जल्प होतोय’ एवढं म्हटलं तरी पुरतं. कुणाचा अपमान होत नाही आणि चर्चा वळणावर येते. पूर्वपक्षाच्या नियमामुळे चर्चा संथ होते, अशी तक्रार नक्की येईल. होऊ द्या.

भाषेबद्दल मी कुठलीही तडजोड करत नाही. अहिराणी, लेवा बोली, पावरी, भिली, हिंदी, प्रमाण मराठी, ज्याला जी येते ती. पावरीत बोलणारा असेल तर शेजारच्यानं मराठीत सांगावं, आणि त्या वेळी त्याची तीन मिनिटं सहा करावीत. उच्चार सुधारायचे नाहीत, हसायचं नाही. हसणाऱ्याला त्याच क्षणी थांबवायचं, बैठक संपल्यावर नाही. ‘सत्ताशास्त्र’, ‘अनुभववाद’ असले शब्द वापरणाऱ्यानं आधी त्यांचा अर्थ साध्या उदाहरणानं फळ्यावर लिहायचा. आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांनी ‘माले हाई समजनं नही’ हे वाक्य सगळ्यांसमोर म्हणायला शिकावं. मोठ्यांनी ते म्हटलं की लहानांची भीड आपोआप चेपते.

एक सावधगिरी मात्र कधीच विसरू नका. आरक्षण, विस्थापन, स्त्री-पुरुष, धर्म यांवर चर्चा निघाली की खोलीतल्या एखाद्या मुलाकडे वळून ‘तू सांग, तुमच्या लोकांना काय वाटतं?’ असं कुणीतरी विचारतं. विचारणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण त्या प्रश्नानं ते पोर विद्यार्थी राहत नाही, एका समाजाचा साक्षीदार होतं, आणि बाकीचे पंच होतात. घटनेत लिहा: कुणालाही त्याच्या जातीच्या, धर्माच्या, गावाच्या वतीनं बोलायला सांगितलं जाणार नाही. त्याला स्वतःहून बोलायचं असेल तर वेळ आहेच. आणि कुणाचं मत त्याच्या जातीवरून किंवा गावावरून खोडायचं नाही. दाव्यावर बोलायचं, माणसावर नाही.

हे विषय टाळा असं मी म्हणत नाही. उलट तेच घ्या. सरदार सरोवरानं अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली गावं पाण्याखाली गेली; एकाच्या विकासासाठी दुसऱ्यानं गाव सोडावं का, हा न्यायाचा प्रश्न नंदुरबारच्या मुलांइतका जवळून कुणाला कळणार? पीक फस्त करणाऱ्या रानडुकराला मारणं योग्य का? लग्नाला नकार देणारी मुलगी आईबापांचं काही देणं लागते का? इथून सुरुवात केली की जर्मन तत्त्वज्ञ कांट आणि बुद्ध पुढच्या दोन बैठकांत आपण होऊन येतात. कांटपासून सुरुवात केली तर मात्र रानडुक्कर कधीच येत नाही, आणि शेतकऱ्याचा मुलगाही येत नाही. विषय पेटीतून घ्या: वर्गाबाहेर एक डबा, त्यात कुणीही प्रश्न टाकावा.

मतभेद आणि इतिवृत्त

निर्णय बहुमतानं घ्या, पण विरोधी मत कारणासह इतिवृत्तात लिहा. यासाठी लांबचं उदाहरण नको. उद्योगपती प्रताप शेठांच्या आश्रयानं जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. तिथल्या जी. आर. मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी १९३३ मध्ये अज्ञान या एकाच विषयावर आपापलं लेखन एकाच पुस्तकात छापलं. मत एक व्हायची त्यांनी वाट पाहिली नाही. मंडळाची वहीही तशीच हवी. चर्चेच्या शेवटी ‘निष्कर्ष’ काढायचा आग्रह धरू नका; कोणता प्रश्न उरला, तेवढं लिहा. वही ग्रंथालयात ठेवा, कुणालाही चाळता आली पाहिजे.

पैसा

महाविद्यालयाच्या खात्यातूनच. महिन्याचा हिशेब सूचना फलकावर. कुणाच्या फोनवर पैसे मागवायचे नाहीत.

तक्रारी

टोमणा, बोलीची थट्टा, बोलू न देणं, अशा गोष्टी मंडळानं स्वतः सोडवाव्यात, आठ दिवसांच्या आत, दोन्ही संयोजकांनी एकत्र बसून. तक्रार एका संयोजकाविरुद्ध असेल तर त्याच्या जागी कार्यकारिणीतली दुसरी व्यक्ती. पण लैंगिक छळाची तक्रार मंडळात कधीही मिटवायची नाही. ती महाविद्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीकडेच जाते. रॅगिंगविरोधी आणि जातीय भेदभावाच्या तक्रारींसाठीही महाविद्यालयात वेगळी यंत्रणा असते. या समित्यांच्या सदस्यांची नावं आणि संपर्क पहिल्याच बैठकीत फळ्यावर लिहा. ‘आपलंच पोर आहे, आपसात मिटवू’ असं म्हणणाऱ्या प्रभारी प्राध्यापकाला ठामपणे नाही म्हणा. एक तक्रार अशी मिटवली की पाठोपाठ मुली गळू लागतात, आणि कारण कुणी सांगत नाही.

सूत्रं सोपवणं

संयोजक शेवटच्या वर्षाचे नकोत, हे आधीच ठरवा. त्यांच्या परीक्षा, अर्ज, नोकरीच्या खटपटी यांत जानेवारीनंतर मंडळ ओस पडतं. संयोजक मधल्या वर्षांचे घ्या, शेवटच्या वर्षाच्या मुलांना सल्लागार करा, त्यांना मत असावं पण पद नसावं. निवड फेब्रुवारीत, गुप्त चिठ्ठीनं. मार्चमधली एक बैठक नव्यांनी चालवावी आणि जुन्यांनी मागे बसावं. इतिवृत्ताची वही, घटनेचं पान, विषयांचा डबा, व्हॉट्सअॅप ग्रुपचं ॲडमिनपद आणि एस.टी.च्या वेळांचा कागद त्याच दिवशी सोपवा. जूनमध्ये नव्या संयोजकांनी पहिलं काम तोच कागद नव्यानं भरण्याचं करावं, कारण गावं बदललेली असतात.